माईक शिट्टी का मारतो?

(या अंकातले प्रश्न लाउडस्पीकर आणि माईकविषयी आहेत. उत्तरं देणारे गृहस्थ सातारा जिल्ह्यात साउंड भाड्याने देण्याचा व्यवसाय करतात.)

प्रश्न : आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात दरवर्षी सप्ताह असतो. कीर्तनात बुवा दोन पावलं पुढे आले रे आले की माईक शिट्टी मारतो. साउंडवाला आवाज उतरवतो, मग मागची मंडळी ‘ऐकू येत नाही’ म्हणून ओरडतात. मंडळाने यंदा मोठा अॅम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं आहे. त्याने फरक पडेल का?
— एक वाचक, ता. सांगोला

उत्तर : नाही पडणार. शिट्टी मात्र नव्या दमाने वाजेल. वर्गणीचे पैसे तूर्तास पेटीतच राहू द्या.

बुवांचा आवाज माईकमध्ये जातो, बॉक्समधून मोठा होऊन बाहेर पडतो आणि त्यातला थोडा फिरून परत माईकमध्ये शिरतो. परत आलेला आवाज मूळ आवाजापेक्षा लहान असेल तोवर काही बिघडत नाही. तो मुळाच्या बरोबरीला आला की फेरा सुरू झाला : पुन्हा मोठा, पुन्हा आत, पुन्हा मोठा. सगळे सूर एकदम असे फिरत नाहीत. माईक, बॉक्स, दगडी भिंत आणि वरचा पत्रा या सगळ्यांना मिळून जो एखादा सूर जास्त मानवतो, तेवढाच पकडला जातो. म्हणून शिट्टी एकाच सुरात लागते. यात अॅम्प्लिफायर किती वॅटचा आहे याला काडीचं महत्त्व नाही. बॉक्सचा आवाज माईकपर्यंत किती पोचतो, त्याला महत्त्व आहे.

बॉक्स कुठे लावता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैजेवर सांगतो : गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांच्या खांबांना, बुवांच्या पाठीशी किंवा फार तर त्यांच्या रांगेत. कारण लाईटचा बोर्ड तिथे असतो आणि वायर तेवढीच लांब असते! आमच्या धंद्यातल्या निम्म्या तक्रारी वीस मीटर वायरने मिटतील. बुवा रंगात आले की जास्तीत जास्त कुठवर पुढे येतात ते पाहा आणि त्याच्याही आठ-दहा फूट पुढे दोन्ही बॉक्स न्या. स्टँडवर माणसाच्या डोक्याच्या वर चढवा, तोंड किंचित खाली, मागच्या रांगांकडे करा. पत्र्याकडे तोंड करून लावलेला बॉक्स पत्र्यालाच कीर्तन ऐकवतो.

मागच्यांसाठी पुढचे बॉक्स ताणू नका. मंडपाच्या मध्यावर आणखी दोन लहान बॉक्स लावा आणि हळू वाजवा. मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारं मशीन, डिजिटल असेल तर मधल्या जोडीला थोडा उशीर द्या. आवाजाला चाळीस फूट जायला साधारण 35 मिलिसेकंद लागतात, तेवढा उशीर दिला की दोन बॉक्सचे दोन बुवा ऐकू येत नाहीत.

आता माईक. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की माईकला 6 डेसिबल (आवाज मोजायचं माप) आवाज जास्त मिळतो, तोही फुकट. हातभर लांबचा माईक वीतभर अंतरावर आला की 6, अर्ध्या वितीवर आला की आणखी 6. म्हणजे मिक्सरवर तेवढंच खाली यायचं, आणि शिट्टीही तेवढीच दूर जाते. बुवांना उपरण्यावर कॉलर माईक लावत असाल तर त्रास तिथेच आहे. तो माईक तोंडापासून वीतभर खाली राहतो आणि बहुतेक कॉलर माईक चहूबाजूंचं सारखंच ऐकतात, त्यात तुमचे बॉक्सही आले. त्यापेक्षा कानावरून गालापर्यंत येणारा माईक घ्या. काही बुवांना तो आवडत नाही, फेट्यात अडकतो म्हणतात. त्यांना स्टँडवरचा माईक द्या आणि मागे टाळकऱ्यांना सांगून ठेवा की स्टँड बुवांच्या पुढे सरकवायचा, बुवांनी स्टँडच्या पुढे जायचं नाही. ऐकतील असं नाही, पण सांगायचं.

दुसरी गोष्ट, एकूण माईक किती? बुवांना एक, दोन्हीकडच्या गायकांना एकेक, पेटीला, पखवाजाला, वर विणेकऱ्यालाही. एकाचे दोन माईक उघडे झाले की शिट्टीपासूनचं अंतर 3 डेसिबलने घटतं, दोनाचे चार झाले की आणखी तीन. मंदिराच्या सभामंडपात पखवाजाला माईक कशाला हवा? तो बाहेर पिंपळाच्या पारापर्यंत असाच ऐकू येतो. निरूपण चालू असताना गायकांचे फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या दांड्या, खाली, अभंगाला वर. साउंडवाल्याने तेवढं जागं राहायला हवं. माईक चालू करून चहाला जाणारा साउंडवाला असेल, तर अॅम्प्लिफायरऐवजी तोच बदला.

एवढं सगळं झाल्यावरच मशीनला हात लावायचा. दुपारी, मंडप रिकामा असताना, माईक जागेवर ठेवून आवाज हळूहळू चढवा, ‘हूं’ असा सूर नुसता रेंगाळायला लागेपर्यंत. आता पेटीवाल्याला बोलवा. तो दोन सेकंदांत पट्टी दाबून सांगेल. त्याने पांढरी सहा दाबली आणि सूर जुळला, तर तो 440 हर्ट्झच्या आसपास. सप्तक वेगळं असेल तर 220 किंवा 880. इक्वलायझर म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा आवाज वेगवेगळा चढवायचं-उतरवायचं मशीन; एकतीस पट्ट्यांच्या इक्वलायझरवर 440 ला जवळची पट्टी 400 ची, ती 3 डेसिबल उतरवा. काळी एक जुळली तर साधारण 277, म्हणजे 250 आणि 315 या दोन्ही थोड्या थोड्या. मग पुन्हा चढवा, पुढचा सूर लागेल, तोही उतरवा. तीन-चार सुरांवर थांबा. त्यापुढे गेलात तर बुवा डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. मोबाईलवरही हर्ट्झ दाखवणारी अॅप मिळतात, पण पेटीवाल्याला विचारलं की तो खूश होतो आणि संध्याकाळी आपला आवाज वाढवा म्हणून मागे लागत नाही. रात्री मंडप भरला की माणसं आणि कपडे आवाज शोषतात, म्हणजे थोडी सवलत आणखी मिळते.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वेळी शिट्टी वाजते आणि पाहुण्यांसमोर शोभा होते. साउंड चांगल्या माणसाचं असतं. आम्ही शिक्षकांनी काय काळजी घ्यावी?
— एक मुख्याध्यापिका, नाशिक

उत्तर : बाई, तुमच्याकडे तीन ठिकाणी शिट्टी वाजत असेल. पहिली, चौथीचा मुलगा भाषणाला उभा राहतो आणि माईक पाहुण्यांच्या उंचीवर असतो. आवाज येत नाही म्हणून साउंडवाला चढवतो, आणि मग वाजतेच. एका शिक्षकांना फक्त स्टँड वर-खाली करायला नेमा, दुसरं काही काम देऊ नका. दुसरी, बक्षिसांची नावं पुकारणारे सर कॉर्डलेस घेऊन स्टेजच्या खाली उतरतात आणि थेट बॉक्सच्या तोंडासमोर उभे राहतात. बॉक्सच्या रेषेवर जमिनीवर खडूने रेघ मारा : या रेघेच्या पुढे माईक नाही.

तिसरी मुलांची. टीव्हीवर पाहून ती माईकची जाळी मुठीत धरतात. गाण्याचा माईक पुढचं जास्त आणि मागचं कमी ऐकतो, ते जाळीच्या आतल्या मागच्या वाटांमुळे. मुठीने त्या वाटा बुजल्या की तो चहूकडचं ऐकायला लागतो. आणि शिट्टी वाजली की मोठी माणसंसुद्धा नेमकं हेच करतात, घाबरून जाळीवर तळहात दाबतात. त्याने शिट्टी वाढते. दांड्याला धरायचं, जाळी मोकळी ठेवायची, आणि वाजलीच तर माईक खाली सोडायचा नाही, कारण खाली बहुधा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा बॉक्स, असतो. तोंडापाशी तसाच ठेवून बॉक्सपासून दूर व्हायचं, बाकीचं साउंडवाला बघेल.

पाहुण्यांचं मात्र माझ्याकडे औषध नाही. ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणून ते माईकपासून दोन फूट मागे सरणारच.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात गाते. जुना माईक साधा होता, आता महागातला सुपरकार्डिऑइड घेतला, तर मॉनिटर पहिल्यापेक्षा लवकर शिट्टी मारतो. माईक खराब निघाला का?
— एक गायिका, कोल्हापूर

उत्तर : माईक बहुतेक उत्तम आहे, मॉनिटर जुन्या जागी राहिलाय. साधा कार्डिऑइड, म्हणजे 1966 पासून सगळीकडे दिसणारा एसएम 58 सारखा, बरोबर पाठीमागून बहिरा असतो. म्हणून मॉनिटर समोर, सरळ माईकच्या शेपटीकडे ठेवायची सवय पडली. सुपरकार्डिऑइड बाजूंनी कमी ऐकतो, पण बरोबर मागून थोडं ऐकतो. त्याच्या बहिऱ्या जागा समोरच्या दिशेपासून सुमारे 126 अंशांवर, डावीकडे आणि उजवीकडे आहेत. मॉनिटर मधून हलवून तिरका एका बाजूला ठेवा, किंवा दोन असतील तर दोन्हीकडे. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला स्वतः सांगा, त्याला तुमचा माईक बदललाय हे माहीत नसेल.

प्रश्न : शिट्टी आपोआप थांबवणारं मशीन मिळतं म्हणतात. घ्यावं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मिळतं. वाजणारा सूर शोधून तेवढाच बारीक कापतं. भाषणाच्या सभागृहात, जिथे साउंडवाला नसतो, तिथे चांगलं. पण बासरीवाल्याने किंवा पेटीने एक सूर लांब धरला की मशीनला तीही शिट्टीच वाटते आणि ते तो कापायला बसतं. भजनी मंडळासाठी घेत असाल तर घेऊ नका. त्या पैशात दोन चांगले स्टँड आणि लांब वायर येते.