वाचकांचे प्रश्न : इंटर्नशिपचा उपयोग नक्की कोणाला?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने उन्हाळ्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप करण्यास सांगितले असून, जळगाव एमआयडीसीतील पाइपच्या कारखान्यात जागा मिळते आहे. विद्यावेतन मात्र नाही. मे महिन्याच्या उन्हात रोज एसटीने जाणे-येणे करावे लागेल. ओळखीचे एक गृहस्थ न जाताच प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणतात. काय करावे? — एक पालक, सावदा

उत्तर : त्या गृहस्थांना नमस्कार करून मोकळे व्हावे. नोकरीच्या मुलाखतीत ‘तिथे तुम्ही रोज काय करत होतात?’ एवढे विचारले, तरी असे प्रमाणपत्र उघडे पडते.

पाइपच्या कारखान्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पीव्हीसी पाइप ज्या डायमधून (म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्यातून) बाहेर पडतो, तिचे केंद्र किंचित जरी सरकले, तरी पाइपची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. पातळ बाजू मानकाच्या खाली जाऊ नये म्हणून मग सगळाच पाइप थोडा जाड काढला जातो आणि दर मीटरमागे काही ग्रॅम कच्चा माल फुकट जातो. आपल्या मुलीने दर तासाला पाइपचा तुकडा घेऊन चार ठिकाणी जाडी मोजली, वजनासह ती वहीत नोंदवली आणि डायचे बोल्ट आवळल्यानंतर आकडे कसे बदलले हे पाहिले, तर ‘टॉलरन्स’ (मापात चालवून घेतला जाणारा फरक) म्हणजे मालकाच्या खिशातून जाणारे पैसे, हे तिच्या पक्के लक्षात राहील. शिवाय आपल्याकडचे जुने ऑपरेटर पोरगी जवळच्याच गावची आहे असे कळले की हातचे काही राखून ठेवत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

होकार देण्यापूर्वी तिला कोणाच्या हाताखाली ठेवणार आणि कोणते काम देणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. सहा आठवडे नुसते पॅकिंगच करायचे असेल, तर दुसरी जागा पाहावी. विद्यावेतन नसले, तरी प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण मागण्यात संकोच नसावा. उन्हाचे म्हणाल, तर सकाळची पाळी मिळते का हे विचारावे. बहुतेक ठिकाणी ऐकतात.

प्रश्न : माझी डाळमिल आहे, 35 कामगार आहेत. विद्यार्थी येतात, सुपरवायझरचा वेळ खातात आणि शिकले की पुण्याला जातात. यात आमचा फायदा काय? — एक उद्योजक, जळगाव

उत्तर : आपली तक्रार निम्मी खरी आहे. सहा आठवड्यांसाठी आलेला मुलगा उत्पादन वाढवून देणार नाही, आणि त्याला रोजंदारीच्या माणसाच्या जागी उभे करणे तर अयोग्यच आहे. त्याच्याकडून करून घ्यायचे ते काम, जे आपल्याकडे सर्वांना महत्त्वाचे वाटते पण करायला कोणालाच सवड नसते. तुरीच्या प्रत्येक लॉटमध्ये ओलावा किती होता, डाळीचा उतारा किती पडला, चुरी किती निघाली, या नोंदी बहुधा मुनीमजींच्या वहीत, तोलकाट्याच्या पावत्यांवर आणि मिस्त्रींच्या डोक्यात विखुरलेल्या असतात. फूड टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्याने त्या लॉटनुसार एकत्र मांडल्या, तर कोणत्या मालाला किती भाव देणे परवडते, हे खरेदीच्या वेळी अंदाजाऐवजी आकड्यांवर ठरवता येईल. सुपरवायझरचा रोज अर्धा तास खर्चून हे मिळत असेल, तर सौदा महाग म्हणता येणार नाही.

मुले पुण्याला जातात ती आपण शिकवले म्हणून नव्हे, तर तिथला पगार आणि पुढची वाट त्यांना दिसते म्हणून. ज्याचे घर-शेत इथेच आहे आणि ज्याला इथेच राहायचे आहे, असा मुलगा सहा आठवड्यांत ओळखू येतो. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत तो ओळखता येत नाही.

आणखी एक बाब. इंटर्नशिप वेगळी आणि 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारी वेगळी. ज्या आस्थापनेत 30 किंवा अधिक माणसे काम करतात, तिला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, म्हणजे आपणही त्यात येता. पदवी व पदविकाधारकांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकार भरते. उन्हाळ्यात पारखलेल्या मुलालाच परीक्षेनंतर या योजनेत घेतले, तर कायद्याचे बंधनही पाळले जाते आणि पारखलेला माणूसही मिळतो.

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मला आत्ताच दरमहा पैसे मिळतील का? — एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पदवीधरांसाठी दरमहा 10,000 रुपये ठरवले गेले, पण शिक्षण चालू असलेल्या उमेदवारांना तीत भाग घेता येत नाही. तोवर बाजार समिती, पतसंस्था किंवा ग्रामपंचायत कार्यालयात सुट्टीपुरते काम मागून पाहावे, आणि जाताना विभागप्रमुखांचे पत्र सोबत न्यावे.