ओटीतल्या सिस्टरची क्षमता प्रश्नावलीने मोजता येते का?

तुम्ही विचारलंय की ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सेसची व्यावसायिक क्षमता मोजायला कोणती प्रश्नावली वापरावी, आणि तिच्या गुणांवरून कोणाला कुठल्या केसला उभं करायचं हे ठरवता येईल का. मी बरीच वर्षं स्क्रब होत होते, म्हणजे निर्जंतुक होऊन सर्जनच्या हातात उपकरणं देत होते, पुढे इनचार्ज झाल्यावर असे फॉर्म भरूनही घेतले. प्रश्नावली सुचवते, पण तिच्यावरून ड्युटी लावू नका.

खास ओटीसाठीची म्हणाल तर गिलेस्पी या नर्सिंग-संशोधक आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेली पीपीसीएस-आर (पर्सीव्हड पेरिऑपरेटिव्ह कॉम्पिटन्स स्केल-रिव्हाइज्ड) घ्या. 40 विधानं, सहा भाग: मूलभूत ज्ञान व कौशल्य, नेतृत्व, सहकार्य, प्रावीण्य, रुग्णाबद्दलची सहवेदना आणि व्यावसायिक विकास. तिच्या नावातला पहिला 'पी' मात्र विसरू नका. तो 'पर्सीव्हड'चा आहे. म्हणजे सिस्टरला स्वतःबद्दल काय वाटतं, ते ही मोजते. प्रशिक्षण कुठे हवं हे कळायला त्याचा उपयोग होतो. पण वाटणं आणि जमणं यांत अंतर असतं.

आमच्या एका ज्युनियर सिस्टरने अशाच फॉर्मवर स्वतःला जेमतेम गुण दिले होते. पुढे एकदा पोटाच्या मोठ्या केसला ती स्क्रब होती. पोट बंद करण्याआधीचा काउंट, म्हणजे मॉप, सुया, उपकरणांची मोजणी, चालू होता. सर्क्युलेटिंग सिस्टर, म्हणजे स्क्रब न होता बाहेरून मदत करणारी, मॉपच्या (रक्त टिपायच्या कापडांच्या) पाच-पाचच्या गड्ड्या मोजत होती, आणि एक मॉप कमी भरला. सर्जनने सुई मागितली. ही म्हणाली, "सर, एक मॉप कमी आहे." ते म्हणाले, "मी बघितलंय, आत काही नाही." हिने नीडल होल्डर हातात धरून ठेवला, दिला नाही. "सर, थांबा. आम्ही परत मोजतो." आवाज चढला नाही, पण हात पुढे गेला नाही. मॉप सापडला वापरलेले मॉप टाकायच्या किक बकेटमध्ये, रक्ताने दुसऱ्या मॉपला चिकटून एकच झालेला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं गेली असतील. तिच्याहून कितीतरी सीनियर आणि फॉर्मवर सगळीकडे पैकीच्या पैकी मारणारी एक सिस्टर अशा वेळी "सर म्हणतात तर नसेल" म्हणून मोकळी झालेली मी पाहिली आहे. तेव्हा नशिबाने काही राहिलं नव्हतं.

म्हणून प्रत्यक्ष केस बघायलाच हवी. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या लोकांनी स्क्रब होणाऱ्यांसाठी स्प्लिंट्स नावाची पद्धत तयार केली आहे. तीत परिस्थितीचं भान, संवाद व टीमवर्क, आणि कामाचं नियोजन या तीन गोष्टी निरीक्षक बघतो आणि चार पायऱ्यांवर गुण देतो. वर्तन बघून गुण द्यायचे असल्यामुळे 'चांगली आहे हो' अशा शेऱ्यांना वाव कमी राहतो. दोघींनी एकच केस वेगवेगळी बघून गुण ताडून पाहा. पहिल्यांदा जुळणार नाहीत, आणि का जुळले नाहीत यावरच्या चर्चेत निम्मं शिक्षण होतं. एक मात्र आहे: हातात कागद घेऊन कोपऱ्यात उभं राहिलं की त्या दिवशी सगळ्यांचं स्टेराइल टेक्निक पुस्तकासारखं होतं. एकदा बघून भागत नाही.

कुठल्या केसमधली क्षमता, हेही आधी ठरवा. वर्षानुवर्षं हाडांच्या केसेस करणाऱ्या सिस्टरला दुर्बिणीच्या ट्रॉलीसमोर उभं केलं की ती पुन्हा नवखी होते. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नवखी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या, त्यातही नवीन विभागात गेलेली अनुभवी नर्स परत खालच्या पायरीवर येऊ शकते असं म्हटलंय. त्यामुळे सगळ्या विषयांचा मिळून एकच आकडा काढलात तर त्यावरून काहीच कळत नाही. अचानक मोठा रक्तस्राव, ड्रेपला (रुग्णावर पसरलेल्या निर्जंतुक कापडाला) आग, असल्या क्वचितच्या गोष्टींसाठी केसची वाट बघत बसू नका, रिकाम्या थिएटरमध्ये सराव घेऊन बघा. आपत्कालीन ट्रॉली कोण आणतं आणि कोण नुसतं "कुठेय?" विचारतं ते दोन मिनिटांत दिसतं.

आणि गुण पगारवाढीला जोडू नका. आमच्याकडे एक वर्ष जोडले होते. त्या वर्षी सगळ्यांचे फॉर्म भरभरून आले, आणि सुई हरवली, काउंट चुकला, असल्या गोष्टी लिहायची वही जवळजवळ कोरी राहिली.