वाचकांचे प्रश्न : ग्रामर स्कूल आणि लेकीचा प्रगती अहवाल

या वेळच्या टपालात इंग्लंडमधील मराठी कुटुंबांची पत्रे अधिक आहेत आणि त्यांचा विषयही एकच आहे : निवड परीक्षा देऊन मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये गेलेली मुलगी तिथे मागे पडते आहे का? ज्या वाचकांचा त्या व्यवस्थेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे की इंग्लंडमध्ये अशा १६३ सरकारी शाळा आहेत, त्यांत फी भरावी लागत नाही आणि प्रवेश ‘इलेव्हन प्लस’ या परीक्षेवर मिळतो. ही परीक्षा मुले प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभी, म्हणजे दहाव्या-अकराव्या वर्षी देतात. यांपैकी बऱ्याच शाळा केवळ मुलींच्या आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी लंडनच्या नैऋत्येकडील मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये इयर एटमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सातवीच्या वयाच्या वर्गात शिकते. प्राथमिक शाळेत ती गणितात कायम पहिली असे. नुकत्याच आलेल्या अहवालात मात्र गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांपुढे ‘अपेक्षेपेक्षा खाली’ असा शेरा आहे आणि टार्गेट ग्रेड ८ लिहिलेली आहे. शाळेत फोन केला तर ‘काळजीचे कारण नाही’ एवढेच सांगतात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात पाहावे तर जवळजवळ सगळ्यांनी ट्यूशन लावलेली. अभ्यासाचा विषय काढला की मुलगी उठून खोलीत जाते. इलेव्हन प्लसची तयारी करून घेणाऱ्या बाईंकडे तिला परत पाठवावे का? आम्ही उशीर तर करत नाही ना? — एक आई

उत्तर : शेऱ्याने धास्तावण्याआधी तो कशाच्या तुलनेत दिला आहे हे कळायला हवे, आणि नेमके तेच अहवालावर क्वचित छापलेले असते. २०१४ पर्यंत इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्रगती मोजायला ‘लेव्हल’ची एकच मोजपट्टी होती. ती काढून टाकल्यावर इयर सेव्हन ते इयर नाइन या वर्षांसाठी शाळांनी आपापल्या पट्ट्या तयार केल्या, आणि त्यामुळे एका शाळेतले ‘अपेक्षेपेक्षा खाली’ दुसऱ्या शाळेत सहज ‘उत्तम’ ठरू शकते. टार्गेट ग्रेड (९ ते १ या पट्टीवर, ९ सर्वांत वरची) बहुधा प्राथमिक शाळेच्या अखेरच्या सॅट्स परीक्षेतील गुणांवरून किंवा नव्या शाळेत आल्याआल्या घेतलेल्या ‘कॅट फोर’सारख्या चाचणीवरून ठरवतात. तेवढेच गुण असलेल्या आधीच्या विद्यार्थ्यांना पुढे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत काय मिळाले यावरून एक अंदाज निघतो, आणि महत्त्वाकांक्षी शाळा तो अंदाज आणखी थोडा वर सरकवतात. म्हणजे ती ८ आपल्या मुलीला वर्षभर पाहून एखाद्या शिक्षिकेने वर्तवलेली नसते. सॅट्समध्ये १०० हा अपेक्षित दर्जा आणि १२० हे कमाल गुण असतात. निवडून आलेल्या मुली बहुतेक सगळ्या त्या वरच्या टोकाला गोळा झालेल्या असल्यामुळे जवळजवळ प्रत्येकीपुढे ८ किंवा ९ लिहिले जाते, आणि मग वर्गातल्या बऱ्याच जणींना ‘खाली’ ठरवायला फारसे काही घडावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मुलीच्या मनाची आहे. आपली मुलगी पहिली यायची, तशा तिच्या वर्गातल्या बाकीच्याही आपापल्या शाळेत पहिल्या यायच्या, आणि आता त्या सर्वांना मिळून एकच पहिला क्रमांक उरला आहे. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ काम केलेले शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकापासून या गोष्टीचा अभ्यास केला आहे. सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी जे निवडक शाळेत जाते त्याचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास सरासरीने कमी भरतो, असे त्यांना वारंवार आढळले, कारण मूल स्वतःला देशभरच्या मुलांशी नव्हे तर शेजारच्या बाकाशी ताडून पाहते. आपल्या मुलीचे खोलीत निघून जाणे हे आळसापेक्षा या घसरलेल्या विश्वासाचे लक्षण असण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि अशा वेळी घरातूनही रोज ‘मागे पडलीस’ हेच ऐकू येत असेल तर ते वाढणारच.

तरीही शाळेचे ‘काळजीचे कारण नाही’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपण तिची वही आणि तपासलेले पेपर मागून घ्या आणि गुण कुठे गेले आहेत ते ओळीओळीने पाहा. एक नमुना देतो. इयर एटच्या गणितात ‘लगतच्या दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी ४ ने विभाज्य असते हे दाखवा’ अशा प्रकारचा तीन गुणांचा प्रश्न येतो. हुशार मुलगी ३ + ५ = ८, ५ + ७ = १२ अशी दोन-तीन उदाहरणे लिहून ‘म्हणून बरोबर’ असा शेवट करते आणि तिला शून्य किंवा फार तर एक गुण मिळतो. तिथे २न + १ आणि २न + ३ या संख्या मानून बेरीज ४न + ४, म्हणजेच ४(न + १), हे लिहून दाखवणे अपेक्षित असते. उत्तर तिला ‘दिसलेले’ असते, पण कागदावर आलेले नसते. विज्ञानातही तसेच होते. प्रयोगाची कृती सांगा, कोणती गोष्ट बदलली आणि कोणत्या स्थिर ठेवल्या ते लिहा, अशा सहा गुणांच्या प्रश्नाला दोन ओळींत गुंडाळलेले उत्तर असते.

याचे मूळ बऱ्याचदा इलेव्हन प्लसच्या तयारीतच असते. अनेक भागांत ही परीक्षा पर्यायी उत्तरांची असते, उत्तरपत्रिकेवरच्या चौकटीत पेन्सिलीने रेघ मारायची आणि पुढच्या प्रश्नाकडे धावायचे. दीड-दोन वर्षे मुलीला वेगाने ओळखायला शिकवले, आणि आता शाळा तिला सावकाश मांडायला सांगते आहे. म्हणून त्याच बाईंकडे परत पाठवण्याच्या मी विरोधात आहे. त्यांच्याकडे वेगाचीच कसरत पुन्हा होईल. वही पाहून अपूर्णांक, बीजगणित असा एखादा ठरावीक भाग कच्चा निघाला तर तेवढ्यापुरते, एका सत्रासाठी, शाळेत शिकवण्याचा अनुभव असलेल्या कोणाकडून साहाय्य घ्यावे. गटातले सगळे लावतात म्हणून लावलेली ट्यूशन मात्र बहुधा पालकांच्या धीरासाठी असते. (आणि ज्यांनी लावलेली नाही ते त्या गटात काही लिहीत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.)

पेरेंट्स इव्हिनिंगला एका शिक्षिकेबरोबर पाचेक मिनिटेच मिळतात. ‘ती कशी आहे?’ असे विचारल्यास ‘छान मुलगी आहे’ यापुढे काही मिळत नाही. त्याऐवजी ही टार्गेट ग्रेड कशावरून काढली, ‘अपेक्षेपेक्षा खाली’ म्हणजे देशाच्या तुलनेत की या शाळेच्या इयत्तेच्या, आणि पुढच्या सहा आठवड्यांत कोणत्या एका गोष्टीवर काम करावे, हे विचारा. मुलीला सोबत नेणे उत्तम. तिच्या उपस्थितीत तिच्याविषयी मराठीतून कुजबुजू नका, तिला ते सगळे कळते.

काही बाबतींत मात्र थांबू नये. एखाद-दुसऱ्या विषयाऐवजी सगळेच विषय एकदम घसरले, जेवण किंवा झोप बिघडली, सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखू लागले, किंवा लिहिलेली पाने पुन्हा पुन्हा फाडली जाऊ लागली, तर फॉर्म ट्यूटर (वर्गशिक्षिका) आणि हेड ऑफ इयर (इयत्ताप्रमुख) यांना लेखी कळवावे. हुशार मुलींमध्ये डिस्लेक्सिया किंवा एकाग्रतेची अडचण प्राथमिक शाळेत स्मरणशक्तीच्या जोरावर झाकली जाते आणि लेखन वाढले की बाराव्या-तेराव्या वर्षी उघडी पडते. तशी शंका असेल तर शाळेच्या सेन्कोंना, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना, भेटण्याची मागणी करा. आणि त्याआधी डोळे तपासून घ्या. सोळा वर्षांखालील मुलांची तपासणी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतर्फे मोफत होते, आणि फळ्यावरचे नीट दिसत नसलेली मुलगी ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळवू शकते. दोन बस बदलून शाळा गाठणाऱ्या मुलीच्या थकव्याचाही हिशेब अहवाल वाचताना धरावा.

प्रश्न : आमची मुलगी बर्मिंगहॅममध्ये मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये इयर नाइनला आहे. शाळेचा ‘प्रोग्रेस ८’ आकडा पूर्वी चांगला होता, आता २०२५ च्या निकालापुढे तो दिसतच नाही. शाळा काही लपवते आहे का? दुसरे म्हणजे, जीसीएसईला कमी ग्रेड आल्या तर सिक्स्थ फॉर्मला (त्यानंतरच्या दोन वर्षांसाठी) शाळा घेणार नाही असे ऐकतो. आताच दुसरी शाळा पाहावी का? — एक बाबा

उत्तर : शाळा काहीही लपवत नाही. २०१६ पासून वापरात आलेला प्रोग्रेस ८ हा आकडा विद्यार्थ्यांचे सॅट्सचे गुण आणि पाच वर्षांनी आलेला त्यांचा आठ विषयगटांतील जीसीएसई निकाल यांची सांगड घालून काढतात. सॅट्समध्ये तेवढेच गुण असलेल्या देशभरच्या मुलांच्या मानाने ही मुले किती पुढे किंवा मागे राहिली, एवढे तो सांगतो. शून्य म्हणजे सरासरी, अधिक एक म्हणजे प्रत्येक विषयात साधारण एक ग्रेड वर. महासाथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये सॅट्स झाल्याच नाहीत, त्यामुळे २०२५ आणि २०२६ साली जीसीएसई देणाऱ्या मुलांसाठी तुलनेचा पायाच उरला नाही आणि हा आकडा कोणत्याही शाळेपुढे छापला जात नाही.

तो असतानाही त्यावर फार विसंबावे असे नव्हते. शाळेने शिकवलेले किती आणि घरच्या ट्यूशनने आणलेले किती हे तो वेगळे करत नाही, आणि आपल्या मुलीचे इंग्रजीतले लेखन सुधारते आहे का याच्याशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. शाळाच पारखायची असेल तर विषयवार निकाल मागा, आणि इयर इलेव्हनमधल्या किती मुली त्याच शाळेत पुढे टिकतात ते विचारा. हा दुसरा प्रश्न शाळांना आवडत नाही, म्हणून तो अवश्य विचारावा.

सिक्स्थ फॉर्मबद्दल आपण ऐकले ते अर्धे खरे आहे. शाळा ए-लेव्हलसाठी, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या अभ्यासक्रमासाठी, किमान ग्रेडची अट घालू शकते, पण ती अट आपल्या शाळेतल्या आणि बाहेरून येणाऱ्या विद्यार्थिनींना सारखीच असावी लागते, आणि ती प्रवेशाच्या नियमावलीत आधीच जाहीर केलेली असते. ती आजच शाळेच्या संकेतस्थळावर वाचा. एकदा इयर ट्वेल्व्हला प्रवेश दिला की वर्षाअखेरीस गुण कमी पडले म्हणून विद्यार्थ्याला काढता येत नाही. २०१७ मध्ये लंडनच्या आग्नेयेकडील एका ग्रामर स्कूलने तसे केले तेव्हा पालक उच्च न्यायालयात गेले आणि शाळेला माघार घ्यावी लागली. दोन वर्षांनंतरच्या भीतीपोटी इयर नाइनमध्ये शाळा बदलण्यात मला शहाणपण दिसत नाही. जीसीएसईचे विषय निवडण्याचे हेच वर्ष आहे, आणि नव्या शाळेत विषयांच्या जोड्या जुळतील याची खात्री नसते.

प्रश्न : माझी नात केंटमध्ये मुलींच्या शाळेत इयर टेनला आहे. गणितात ६ मिळाले म्हणे. मुलगा म्हणतो चांगले आहेत, सूनबाई काळजीत आहेत. सहा म्हणजे टक्के किती, आणि वर्गात कितवा नंबर? — एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, आपल्या एसएससीच्या हिशेबाने याचे टक्के काढू नका. २०१७ पासून तिथे ९ ते १ अशा ग्रेड आहेत आणि ९ सर्वांत वरची. जुन्या ‘ए’चा उंबरठा आता ७ ला येतो, जुन्या ‘सी’चा ४ ला. देशभरात सगळे विषय मिळून ७ किंवा त्याहून वरच्या ग्रेड सुमारे पाचव्या हिश्श्याएवढ्याच उत्तरपत्रिकांना मिळतात. कोणत्या ग्रेडला किती गुण हे दर वर्षी परीक्षा झाल्यावर ठरवतात. गणिताच्या उच्च स्तराच्या पेपरांत एकूण २४० गुण असतात आणि साठ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी गुणांना ७ मिळते. तेव्हा ६ ऐकून आपल्या मनात जे ‘साठ टक्के’ येतात त्यांच्याशी या आकड्याचा मेळ बसत नाही. नंबर बहुतेक शाळा देतच नाहीत.

मुलगा आणि सूनबाई यांच्यात कोण बरोबर, हे अहवालात त्या ६ च्या शेजारी ‘करंट’ (सध्याची) लिहिले आहे की ‘प्रेडिक्टेड’ (शेवटी मिळेल असा अंदाज) यावर अवलंबून आहे. ‘करंट’ असेल तर अभ्यासक्रमाचा बराच भाग अजून शिकवून व्हायचा आहे, आणि मुलाचे म्हणणे मला पटते. ‘प्रेडिक्टेड’ असेल आणि नातीला ए-लेव्हलला गणित घ्यायचे असेल, तर पुढच्या वर्षीच्या मॉक (सराव) परीक्षेच्या आधीच गणिताच्या शिक्षिकेला गाठायला सूनबाईंना सांगा, कारण बऱ्याच शाळा त्या विषयासाठी किमान ७ मागतात.