थेंबाआधी बघ, अंधारात बघ

पुणे

चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद.

काचबिंदूवरचे, बाहुली आकसवणारे पिलोकार्पिनचे थेंब घातल्यावर त्या आजींचा अँगल, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कडेचा कोपरा, रुंदावला आणि लेन्सपुढच्या चेंबरची मधली खोली मात्र कमी भरली, तेव्हा "मशीन बिघडलंय" असं तू परवा म्हणालीस. मशीन ठीक आहे. दोन्ही मापं खरी आहेत.

बाहुली आकसवणारा स्फिंक्टर स्नायू आवळला की आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, मध्याकडे ताणली जाते, पातळ होते, अँगलमध्ये गोळा झालेली तिची कड बाहेर खेचली जाते. लेझर आयरिडॉटमीआधी, म्हणजे लेझरने आयरिसला छिद्र पाडण्याआधी, आपण हे थेंब टाकतो ते याचसाठी. गोनिओटॉमीत, म्हणजे अँगलमध्ये छेद घेताना, आकसलेली बाहुली लेन्सला आडोसाही देते. पण तोच थेंब लेन्सभोवतीच्या सिलिअरी स्नायूलाही आवळतो. लेन्सला धरून ठेवणारे झोन्यूलचे धागे सैल पडतात, लेन्स जाड होऊन पुढे सरकते. म्हणून कडेला मोकळं, मध्ये उथळ. मॅलिग्नंट ग्लॉकोमात, म्हणजे डोळ्यातलं पाणी मागे अडकून लेन्सला पुढे ढकलतं त्या काचबिंदूत, हेच पुढे सरकणं डोळ्यावर बेततं. तिथे पिलोकार्पिन नाही, तो स्नायू सैल करणारं अॅट्रोपिन लागतं.

आता सांग, थेंबानंतर घेतलेलं माप कुठल्या डोळ्याचं? औषध घातलेल्या डोळ्याचं. आजी रात्री दिवा मालवून झोपतात तेव्हा त्यांचा अँगल कसा असतो, हे त्या मापातून कसं कळणार?

म्हणून थेंबाआधी बघ. गोनिओस्कोपी, म्हणजे आरशाच्या लेन्सने अँगल बघणं, अंधारात कर. स्लिट लॅम्पचा झोत एक मिलिमीटरएवढा आखूड ठेव, बाहुलीवर पडू देऊ नकोस. नुसत्या उजेडानेही ती आकसते आणि बंद अँगल उघडा वाटतो. मग चार आरशांच्या लेन्सने दाबून बघ. नुसता टेकलेला अँगल उघडतो, चिकटलेला उघडत नाही. ऑपरेशन कुठलं करायचं, हे बरंचसं इथे ठरतं. हे तुला दुसऱ्या वर्षाला माहीत नसावं, याचा मला खरंच राग आला.

वेळ जातो म्हणशील. माझ्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात भोरहून आलेली माणसं शेवटच्या एसटीच्या घोरात असतात, बाहेरून निरोपावर निरोप येतात, तरी तपासणी होईपर्यंत मी दिवा लावू देत नाही. हट्टी म्हणतात मला. म्हणू देत. घाईत उजेडात 'ओपन' लिहिलेले कागद घेऊन, अर्धी नजर गेल्यावर आलेले पेशंट मी पाहिलेत. तेव्हा त्यांना काय सांगायचं असतं गं?

आणि हो, डोळ्यातलं प्रेशर फार चढलेलं असेल तर स्फिंक्टर थेंबाला दादच देत नाही. त्याचा रक्तपुरवठा अडलेला असतो. तिथे थेंबावर थेंब ओतू नकोस, आधी प्रेशर उतरव.

आजींना थेंबाचा असर पूर्ण उतरल्यावर परत बोलव. अंधारात बघ, कागदावर चारही बाजूंचं चित्र काढ, आणि ऑपरेशनची तारीख देण्याआधी ते मला दाखव.