पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या) उसात हरभरा घ्यायचा आहे. पाटपाणी बरं की ठिबक?

ठिबकच. पाटपाण्यावर सरी तुडुंब भरली की हरभरा उभळतो (पिवळा पडून सुकतो), मर हा रोगही लागतो. पाटपाणीच असेल तर टोकण (बी हाताने टोचून लावणं) वरंब्याच्या बगलेत, वरच्या अंगाला करा आणि पाणी हलकं, सरीआड (एक सरी सोडून) द्या. फुलं आणि घाटे भरताना मात्र ताण नको.

ठिबकवर जोडओळ लागण (उसाच्या दोन ओळी जवळ, मग रुंद पट्टा) करून त्या मधल्या पट्ट्यात हरभरा टोका. पण नळी जोडीतल्या दोन ओळींमध्ये असते, पट्ट्याच्या मध्यापर्यंत ओल जातेच असं नाही. भारी काळ्या रानात पसरते, हलक्या रानात पट्ट्यासाठी वेगळी नळी टाका.

आणि कृपा करून ॲट्राझीन किंवा टू-फोर-डी ही तणनाशकं मारू नका, हरभरा जळून जाईल. खुरपणीच करा. मोठ्या बांधणीआधी (उसाला मातीची भर लावण्याआधी) हरभऱ्याचं पीक निघतं, पाला तिथंच गाडा.