नागपूरच्या धंतोलीत छोटं डेंटल क्लिनिक आहे, आयटी सपोर्टची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) कोणाला द्यावी?
भाऊ, रेट नंतर विचारा, आधी एखाद्या जुन्या पेशंटचा आरव्हीजी (दातांचा डिजिटल) एक्सरे बॅकअपमधून तुमच्यासमोर रिस्टोअर करून दाखवायला सांगा, इथेच बरेच जण गडबडतात. बॅकअपची एक कॉपी नेटवर्कच्या बाहेर पाहिजेच, नाहीतर रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की तीही लॉक होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, तर अपग्रेड एएमसीत आहे की वेगळे पैसे हे लिहूनच घ्या. मे मधे आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जाते, त्यामुळे सर्व्हर बिनाएसीच्या स्टोअररूममधे कोंबू नका अन् यूपीएसची बॅटरी कोण बघणार तेही ठरवा. अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र स्वतःकडे ठेवा, एजन्सी बदलायची वेळ आली की घोडं तिथेच अडते.