बोस्नियन, बोश्न्याक आणि परागंदा

प्रश्न असा आला आहे: युद्धानंतरच्या बोस्नियावरचा लेख मराठीत आणताना 'बोस्नियन' आणि 'बोश्न्याक' या दोघांनाही 'बोस्नियन' म्हटलं तर चालेल का? आणि 'डायस्पोरा'ला, म्हणजे मायदेशाबाहेर विखुरलेल्या लोकांना, मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर: कृपा करून असं करू नका. बोस्नियन म्हणजे बोस्नियाचा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो. बोश्न्याक हे तिथल्या एका जनसमूहाचं नाव आहे, परंपरेने मुस्लिम असलेल्या. राजधानी साराजेव्होचा सर्ब माणूस बोस्नियन आहे, पण बोश्न्याक नाही. उलट सर्बियातल्या नोवी पाझारमध्ये राहणारा बोश्न्याक हा बोस्नियन नाही.

नव्वदच्या दशकात आपली वर्तमानपत्रं 'बोस्नियन मुस्लिम' लिहायची. ते अगदीच चूक नव्हतं. बोस्निया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता, आणि त्या देशाच्या 1971च्या जनगणनेत 'मुस्लिम' हे एका जनसमूहाचं नाव म्हणून मान्य झालं होतं. तिथे मोठ्या अक्षराने सुरू होणारा 'मुस्लिम' म्हणजे जनसमूह आणि लहान अक्षराने सुरू होणारा म्हणजे धर्म. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नाही, त्यामुळे आपल्याकडे येता येता हा भेद पुसला गेला. पुढे सप्टेंबर 1993मध्ये, वेढ्यात अडकलेल्या साराजेव्होत भरलेल्या या जनसमूहाच्या सभेने 'बोश्न्याक' हे नाव स्वीकारलं. म्हणून मजकूर त्यानंतरचा असेल तर बेलाशक 'बोश्न्याक' लिहा.

एवढा आग्रह का? देशाची राज्यघटना म्हणजे युद्ध थांबवणाऱ्या 1995च्या डेटन कराराचं चौथं परिशिष्ट. तिच्या प्रास्ताविकात बोश्न्याक, क्रोएट आणि सर्ब हे राज्याचे घटक जनसमूह म्हणून नोंदले आहेत. बाकी सगळे 'इतर'. देशाचे दोन भाग आहेत, फेडरेशन आणि रेपुब्लिका स्र्प्स्का. अध्यक्षमंडळात तिघे: फेडरेशनमधून एक बोश्न्याक आणि एक क्रोएट, रेपुब्लिका स्र्प्स्कातून एक सर्ब. 'इतर' माणसाला उभंच राहता येत नाही. रोमा समाजाचे देर्वो सेय्दिच आणि ज्यू याकोब फिन्सी यांनी याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर 2009मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण घटनेतली ती अट तशीच राहिली. आझ्रा झोर्निच यांचं म्हणणं तर याहून साधं होतं: मला कुठल्याच जनसमूहात मोजू नका, मी या देशाची नागरिक आहे. 2014मध्ये त्याही जिंकल्या. आता भाषांतरात सगळ्यांनाच 'बोस्नियन' केलंत, तर बोस्नियन बाईला बोस्नियाच्याच निवडणुकीत उभं राहता का येत नाही, हे वाचकाला कळणार कसं?

याच कारणाने तिथला 'नात्सिओनाल्नोस्त' हा शब्द आला की 'राष्ट्रीयत्व' लिहू नये. मराठी वाचकाला त्यातून पासपोर्टच दिसतो. तिथे त्या शब्दाने बहुतेकदा माणसाचा जनसमूह विचारलेला असतो. 'नागरिकत्व' मात्र निःसंकोच वापरावं.

आता डायस्पोरा. या युद्धात 20 लाखांहून अधिक लोक घरादाराला मुकले, म्हणजे जवळजवळ निम्मा देश. त्यातले 10 लाखांहून अधिक जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन, अमेरिकेतलं सेंट लुईस अशा ठिकाणी पांगले. 'अनिवासी' या शब्दाला बँकेचा वास येतो. 'बृहन्महाराष्ट्र'च्या धर्तीवर 'बृहद्बोस्निया' तर चुकूनही करू नका. त्या प्रदेशात 'बृहत्' म्हणजे सीमा वाढवणं. सगळ्या सर्बांचा एकच मोठा देश, म्हणजे 'बृहत्सर्बिया', या नावाखाली त्या युद्धात काय काय झालं ते आठवा.

मला सुचतो तो 'परागंदा'. हा फारसी शब्द, अर्थ 'विखुरलेला'. ग्रीक 'डायस्पोरा'तही विखुरणंच आहे. आपल्याकडे दुष्काळाने, कर्जाने, जुलमाने गाव सोडावं लागलं की माणूस परागंदा होतो. त्यातली नाइलाजाची छटा इथे हवीच आहे. युद्धातून बाहेर पडलेल्या पिढीला हा शब्द नेमका बसतो. सेंट लुईसला जन्मलेल्या मुलांना तो लावता येणार नाही, त्यांना 'परदेशस्थ' म्हणावं.

एक गोष्ट तेवढी सांभाळा. ऑस्ट्रियाचं नागरिकत्व घेताना सहसा आधीचं सोडावं लागतं. ते सोडलेल्या बोश्न्याक माणसाला 'बोस्नियाचा नागरिक' लिहिता येणार नाही, 'बोश्न्याक' मात्र लिहावंच लागेल.